बाबा, माझं उदाहरण देऊ नका

लीड्सला दुपारचे बारा वाजले की नागपुरात साडेचार झालेले असतात. उन्हाळ्यात हीच आमची रविवारच्या फोनची वेळ. पलीकडे कूलरची घरघर, मधूनच वहिनीचं "चहा टाकते हो", आणि गेले तीन रविवार एकच विषय. पुतण्याचं नाव चंद्रपूरच्या सैनिक शाळेत लागलंय. सहावीला. पोरगं दहा वर्षांचं आहे. दादाला पाठवायचंय, वहिनीचा जीव होत नाही, आणि बाबा दर खेपेला एकच पुरावा पुढे करतात. तो पुरावा म्हणजे मी.

"याला नाही का पाठवलं अकराव्या वर्षी? काऊन, बिघडला का तो? आज इंग्लंडात रेल्वेचे सिग्नल सांभाळतो!"

बाबांची सगळी नोकरी अजनीच्या लोको शेडमध्ये गेली. मुलगा रेल्वेतच, पण इंग्लंडच्या रेल्वेत, हे ते पानठेल्यावरही सांगतात. त्यांचा आनंद मला कळतो. पण मागे एका रविवारी दादा फोन घेऊन गच्चीवर गेला आणि म्हणाला, "तूच समजव तुझ्या वहिनीला. तुझं ऐकेल ती." मी हो म्हणालो आणि आठवडाभर मला तो फोन लावता आला नाही. 

१९९० साली जूनमध्ये बाबांनी मला पश्चिम महाराष्ट्रातल्या एका निवासी शाळेत नेऊन सोडलं. इतवारीतून काळी पत्र्याची पेटी आणली होती. पेंटरनं तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं माझं नाव आणि खाली ‘नागपूर’ असं लिहिलं. ‘पू’चा ऊकार लांबून पार कडीपर्यंत गेला होता. महाराष्ट्र एक्सप्रेसनं चोवीस तासांच्या वर प्रवास. मी खिडकीशी बसून स्टेशनं मोजत गेलो. पहिल्यांदा जाताना काही कळत नाही. नवा डबा, नवे बूट, आपण कोणीतरी विशेष आहोत असं वाटत असतं. कळतं ते दिवाळीची सुट्टी संपवून परत जाताना. तोवर तिथली रात्र माहीत झालेली असते.

आमच्याकडे रविवारी पत्र लिहायचा तास असे. निळं आंतरदेशीय पत्र लिहायचं आणि न चिकटवता सरांच्या टेबलावर ठेवायचं. सर वाचत, मग पाठवत. ‘मी येथे खुशाल आहे. अभ्यास चांगला चालू आहे. जेवण चांगले आहे.’ तीस-पस्तीस पोरांची पत्रं ओळीनं सारखीच. त्या नोव्हेंबरात वरच्या वर्गातली काही मुलं रात्री आमच्या खोलीत येत. काय होत असे ते मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो की ते पत्रात लिहिण्यासारखं नव्हतं आणि सरांना सांगण्यासारखं तर मुळीच नव्हतं. मग मी एक युक्ती केली. पत्राच्या शेवटी लिहिलं, ‘आई, मला सांबारवडी पाठव.’

आता सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर भरलेली वडी (कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो), मला अजिबात आवडत नसे. घरी ती ताटातून बाजूला काढायची म्हणून मी बोलणी खाल्लेली. मला वाटलं, आई हे वाचेल, थबकेल, आणि गाडीत बसेल. दहा-बारा दिवसांनी कोल्हापूरकडे निघालेल्या कोणा ओळखीच्या हाती डबा आला. आत सांबारवडी होती. प्रवासात मऊ पडलेली, पण अजून खसखशीचा आणि सांबाराचा वास येणारी. मी ती सगळी वाटून टाकली आणि त्यानंतर पत्रात काही मागितलं नाही. 

याच शाळेनं मला दिलेलंही पुष्कळ आहे. माझ्या डावीकडच्या खाटेवर गडचिरोलीतल्या एटापल्लीकडचा मुलगा होता, उजवीकडे कोल्हापूरच्या गूळवाल्याचा. माझं वऱ्हाडी ऐकून सगळे हसत, नंतर तेच ‘काऊन’ म्हणायला लागले. गणिताच्या सरांनी कंदिलाच्या उजेडात शिकवलेली भूमिती आजही माझ्या कामात येते. तेव्हाचे मित्र आजही अडीअडचणीला रात्री-अपरात्री फोन उचलतात. म्हणून मला कोणी ‘पाठवणं वाईट की चांगलं’ असं सरळ विचारलं की उत्तर घशाशी अडकतं.

इथे इंग्लंडात बोर्डिंग हा शब्द उच्चारला की श्रीमंती डोळ्यांपुढे येते. मुलामागे वर्षाला चाळीस हजार पौंडांच्या वर फी. २०२५ च्या जानेवारीत सरकारनं खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लावला तेव्हा मोठा गदारोळ झाला. आठवडेच्या आठवडे चर्चा. मी ती बरीच ऐकली. कर न्याय्य आहे का, शाळा बंद पडतील का, सरकारी शाळांवर ताण येईल का. आठ वर्षांचं मूल रात्री कुणाच्या भरवशावर झोपतं, याबद्दल फारसं कोणी बोललं नाही. माझ्या ऑफिसात एक गृहस्थ आहेत, निवृत्तीला आलेले. आठव्या वर्षी बोर्डिंगला गेलेले. ते एकदा कँटीनमध्ये सहज म्हणाले की रविवारची संध्याकाळ अजूनही सहन होत नाही. सुट्टी संपून शाळेत सोडत ती रविवारची संध्याकाळ असे, म्हणून रविवारी सहा वाजता ते अजूनही घराबाहेर पडून चालत सुटतात. पन्नास वर्षं झाली. मी त्यांना पत्राच्या तासाबद्दल सांगितलं. ते फक्त मान हलवत राहिले.

पण इथल्या लोकांनी एक गोष्ट केली आहे, आणि ती मला आपल्याकडे हवी आहे. १९८९ च्या बालकायद्यानं निवासी शाळेतल्या मुलाच्या हिताची जबाबदारी कायद्यानं शाळेवर टाकली. पुढे किमान मानकं ठरली. मुलाला आईवडिलांशी एकांतात बोलता आलं पाहिजे. शाळेच्या नोकरीत नसलेली, बाहेरची एक व्यक्ती नेमलेली असली पाहिजे, जिला मूल परस्पर गाठू शकेल, आणि तिचा नंबर मुलांना माहीत असला पाहिजे. तपासणीला येणारे अधिकारी मुलांना बाजूला घेऊन विचारतात. हे काही आपसूक झालेलं नाही. मुलांवर वर्षानुवर्षं झालेल्या अत्याचारांच्या हकिकती बाहेर आल्या, लोक चिडले, मग झालं. कागदावर असलेलं सगळं प्रत्यक्षात होतंच असंही नाही. तरीही मूल ‘मला इथे नको’ म्हणू शकतं आणि त्याला ते म्हणायची जागा ठेवली पाहिजे, हे इथे कायद्यानं मान्य केलेलं आहे.

आपल्याकडे बोर्डिंगचा इतिहास इथल्या श्रीमंतीच्या नेमका उलटा आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी पहिलं वसतिगृह काढलं आणि मग जातीजातींची वसतिगृहं उभी करत गेले. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. नागपुरातलं चोखामेळा वसतिगृह नसतं तर विदर्भातल्या किती दलित घरांत पहिला पदवीधर निघालाच नसता. नवोदयची पहिली दोन विद्यालयं १९८५-८६ साली निघाली, त्यातलं एक आपल्या अमरावतीचं. तिथल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. भामरागडकडच्या पाड्यावरच्या मुलीला चौथीच्या पुढे शिकायचं असेल तर आश्रमशाळा हीच तिची शाळा असते. तिच्या आईला ‘पाठवू की नको’ हा प्रश्न पडायची सोयच नाही. ती पाठवते, आणि पावसाळ्यात नदी भरली की महिना महिना तिला लेकराची खबर नसते. नरेंद्रनगरच्या आमच्या हॉलमध्ये बसून आम्ही जो वाद घालतोय तो आधी या मायमाऊलीसमोर घालून पाहावा असं मला वाटतं.

कारण आमच्या वादात काय आहे? दादा म्हणतो, पोट्टं दिवसभर मोबाइलमध्ये असतं, शिस्त लागेल. पुढे एनडीएला जाईल. शेजारचे काका म्हणतात, नुसत्या ट्यूशनच्या खर्चाचा हिशोब करा. मावशी म्हणते, एकुलतं एक लेकरू, कशाला जीव टांगणीला लावता. नाशिकचं भोसला मिलिटरी स्कूल, १९३७ साली आपल्या नागपूरच्या डॉ. मुंज्यांनी काढलेलं, तेही चर्चेत येऊन जातं. निकाल, मेस, मैदान, घोडे, पोहण्याचा तलाव, सगळं विचारून झालंय. रात्री दहानंतर त्या पोरांच्या खोल्यांपाशी मोठं माणूस कोण असतं, हे कोणी विचारलेलं नाही. घरी फोन कधी, कुणासमोर बसून करायचा, हेही नाही. मध्येच परत आला तर नागपूरच्या शाळेत त्याची जागा राहील का, आणि आपण त्याला ‘पळून आला’ म्हणणार का, हे तर कोणी तोंडातूनही काढत नाही.

२०१८ च्या अखेरीस एक बातमी आली होती. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत देशभरातल्या नवोदय विद्यालयांत ४९ मुलांनी आत्महत्या केली होती, आणि त्यातली निम्मी दलित-आदिवासी होती. मानवाधिकार आयोगानं दखल घेतली, समुपदेशक नेमायचं बोलणं झालं. सहाशेच्या वर विद्यालयं, लाखो मुलं, आणि त्यांतली कितीतरी पहिल्या पिढीची शिकणारी. नवोदयनं या देशाला जे दिलंय ते मोठंच आहे. पण ते ४९ आकडा म्हणून विसरता येत नाहीत. त्यांच्यातल्या कुणी आधी आपापल्या सांबारवड्या मागितल्या असतील का, असं माझ्या मनात येतं.

माझी मुलगी यंदा अकरा वर्षांची झाली. आम्ही तिला कुठेही पाठवलेलं नाही. सकाळी दप्तर घेऊन चालत जाते, साडेतीनला परत येते, दार आपटून आत शिरते. मी घरी असलो की त्या दाराच्या आवाजाची वाट पाहतो. पण खरं सांगायचं तर तिच्याकडे बघून मला कमतरताही जाणवते. तिच्या डावी-उजवीकडे एटापल्ली आणि कोल्हापूर नाही. तिच्या वर्गातली बहुतेक मुलं आमच्याच चार गल्ल्यांतली. माझ्यापाशी त्या वयात जे होतं ते मी तिला देऊ शकलेलो नाही, आणि द्यायला माझी हिंमतही नाही.

बाबांच्या पुराव्याबद्दल आणखी एक. मी इंग्लंडात आहे याचं श्रेय ते त्या पत्र्याच्या पेटीला देतात, आणि ते बरोबरच आहे. मला घर सोडणं सोपं गेलं, कारण ते मी अकराव्या वर्षी शिकलो होतो. पण मग परत येणं मी शिकलोच नाही. आई गेली तेव्हा मी मँचेस्टरच्या विमानतळावर होतो. 

शेवटी परवाच्या रविवारी मी फोन लावला. वहिनीनं स्पीकरवर टाकला. मी तिला समजावलं नाही. सांबारवडीची गोष्ट सांगितली, पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. वहिनी काही बोलली नाही. बराच वेळ नुसता कूलर ऐकू येत होता. मग बाबांचा आवाज आला.

"तुझ्या आईनं ओळखलं होतं."

मी विचारलं, काय?

"ती म्हणाली, हा सांबारवडी खात नाही, हा निरोप दुसराच आहे, मला जाऊन येऊ द्या. थैली भरून बसली होती. मीच म्हटलं, काऊन उगाच. सवय लागू दे पोट्ट्याला. मग रात्री बसून तिनं वड्या केल्या." थोडं थांबून ते म्हणाले, "मला वाटलं होतं तू विसरला असशील."

बाबा वाईट बाप नव्हते. शेडमध्ये डबल ड्यूटी करून त्यांनी माझी फी भरली. दर सुट्टीला न्यायला-सोडायला तेच येत, आणि परतीच्या गाडीत ते काही खात नसत, हे आईनंच मला नंतर सांगितलं होतं. त्यांना पाठवायचंही होतं आणि पाठवून झोपही येत नव्हती. आज दादाचं तेच चाललंय. हे दोन्ही एका माणसात एकाच वेळी असतं. फक्त निरोप आला तेव्हा त्यांनी त्यातली एकच बाजू ऐकली.

येत्या शनिवारी दादा-वहिनी दोघं चंद्रपूरला जाऊन शाळा बघून येणार आहेत. नागपूरहून तीन तासांचा रस्ता आहे, तेवढ्यात कुणी अडवणार नाही. वहिनीला मी म्हटलं, ऑफिसात बसू नका, वसतिगृह बघा, रात्री तिथे कोण असतं ते विचारा, मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ नंबर मुलांना माहीत आहे का ते मुलांनाच विचारा. नागपूरच्या शाळेतली जागा एक वर्ष सोडू नका. आणि पोरगा आणि तुम्ही मिळून एक शब्द ठरवून ठेवा. तो शब्द आला की प्रश्न न विचारता गाडी काढायची. दादा म्हणाला, बरं. त्याचा आवाज जरा पडला होता.

मग मी म्हटलं, त्याला दे फोन. तीन आठवडे झाले, आणि त्याच्याशी या विषयावर कोणीच बोललं नव्हतं, मीसुद्धा नाही. तो आला. क्रिकेटचं बोलला, आत्याच्या कुत्र्याचं बोलला. मी विचारलं, तुला जायचंय का रे? म्हणाला, हो, घोडे आहेत तिथे. मग आवाज बारीक करून, बहुतेक फोन कानाला घट्ट लावून, म्हणाला, "काका, तिथे रात्री सगळे लाइट बंद करतात का?"

मी म्हणालो, मला माहीत नाही, शनिवारी आईला विचारून यायला सांगतो.