रेडियम ‘मेलेलं’ नाही, ब्लेड खाली ठेवा

‘आजोबांचे बंद घड्याळ घरच्या घरी सुरू करा, दुरुस्तीचा खर्च वाचवा’ असा एक मेसेज सध्या फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. रॉकेल, खोबरेल तेल, टूथपेस्ट आणि ब्लेड, एवढं सामान पुरतं म्हणे. मी दुर्लक्षच केलं असतं. पण माझ्या सासऱ्यांनी तो मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘दाढीचं ब्लेड चालेल ना?’ त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांचं चाळीसच्या दशकातलं स्विस घड्याळ आहे, आकडे तपकिरी पडलेले. तेव्हा आधी ब्लेडचंच बघू.

मेसेज म्हणतो, ‘अंधारात चमकत नाही म्हणजे रेडियम मेले. ब्लेडने खरवडा, फुंकर मारा, नवा रंग भरा.’

फुंकर मारा! लिहिणाऱ्याला कोपरापासून नमस्कार.

जुन्या घड्याळांच्या आकड्यांवरच्या, अंधारात चमकणाऱ्या त्या रंगात दोन गोष्टी असतात, किरणोत्सारी रेडियम आणि झिंक सल्फाइड. चमकतं ते झिंक सल्फाइड, रेडियम त्याला फक्त सतत ऊर्जा पुरवतं. त्या माऱ्याने काही वर्षांत झिंक सल्फाइड खलास होतं आणि चमक जाते. रेडियम मात्र जागच्या जागी असतं. ते निम्मं व्हायला 1600 वर्षं लागतात, म्हणजे 80 वर्षांत जेमतेम साडेतीन टक्के कमी झालं. काचेखाली बंद असताना त्याचा धोका फार नाही, हे मान्य. खरा धोका त्याची भुकटी पोटात किंवा फुप्फुसात जाण्याचा. शरीर रेडियमला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं. अमेरिकेत न्यू जर्सीच्या कारखान्यात 1917 पासून मुली हाच रंग तबकड्यांवर भरायच्या आणि ब्रशचं टोक ओठांनी अणकुचीदार करायच्या. पुढे कित्येकींच्या जबड्याची हाडं सडली, काही जणी गेल्या. 1928 साली कंपनीला त्यांच्याशी तडजोड करावी लागली. आणि आपण म्हणतोय फुंकर मारा.

हे जुनं झालं म्हणाल, तर 2018 चं घ्या. ब्रिटनमधल्या नॉर्दॅम्प्टन आणि किंग्स्टन विद्यापीठांच्या संशोधकांनी रेडियमच्या तबकडीची 30 जुनी घड्याळं तपासली. त्यांतून निघणाऱ्या रेडॉनची, म्हणजे रेडियमपासून तयार होणाऱ्या किरणोत्सारी वायूची पातळी तिथल्या शिफारस केलेल्या मर्यादेच्या 134 पट भरली. एका घड्याळाने घर सोडून पळायची गरज नाही, पण अशा घड्याळांचा साठा झोपायच्या खोलीतल्या कपाटात ठेवू नये. आणि एकटं असो वा दहा, घरी उघडायचं नाही. तबकडीवर सहाच्या खाली इंग्रजी ‘टी’ असेल तर तो ट्रिटियम या दुसऱ्या किरणोत्सारी पदार्थाचा रंग, ते प्रकरण बरंच सौम्य. खूण नसेल आणि घड्याळ साठच्या दशकाआधीचं असेल, तर रेडियम धरूनच चालायचं.

आता रॉकेल. ‘झाकण काढून रात्रभर बुडवा, रॉकेल नसेल तर स्पिरिट.’ यात अर्धसत्य आहे. आपल्याकडचे घड्याळजी वर्षानुवर्षं पेट्रोलनेच घड्याळ धुतात. पण आधी ते स्क्रू न् स्क्रू सुटं करतात, तबकडी आणि काटे बाजूला काढतात. अख्खं बुडवलंत तर सुकलेलं तेल आणि मळ पातळ होऊन सगळीकडे पसरतो, घड्याळ चार दिवस चालतं, तुम्ही खूश. मग ते कोरडंच झिजत राहतं. एचएमटी जनताचं बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे हलणारं चाक, सेकंदाला पाच टोले देतं, दिवसाला 4 लाख 32 हजार. तेलाविना किती टिकेल? स्पिरिट तर आणखी वाईट. पॅलेटचे, म्हणजे चक्र एकेक दाता अडवून सोडणाऱ्या भागाचे इवलेसे खडे लाखेने बसवलेले असतात आणि पॉलिशसाठी सुतार लाख कशात विरघळवतो ते त्यालाच विचारा.

खोबरेल तेलाबद्दल काय बोलायचं? पुण्याच्या थंडीत बाटलीत गोठतं ते. शिवाय हेअरस्प्रिंगला, म्हणजे बॅलन्स व्हीलच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला तेल लागलं की वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे पळायला लागतं.

टूथपेस्टचं खरं आहे, नाइलाजाने कबूल. काच अ‍ॅक्रिलिकची असेल तर बारीक ओरखडे जातात. मुलामा दिलेल्या केसवर मात्र ती घासू नका, खालचं पितळ दिसायला लागेल.

‘तबकडी नव्याने रंगवून घ्या, किंमत वाढते’ हे साफ उलटं. रंगवलेल्या तबकड्यांच्या, इकडचे तिकडचे भाग जोडून चकाचक केलेल्या घड्याळांना परदेशातले संग्राहक नाकं मुरडून ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. डाग पडलेली पण मूळची तबकडी त्यांना जास्त मोलाची वाटते.

राहिली चावी. ‘पूर्ण चावी दिली की स्प्रिंग तुटते.’ काही तुटत नाही. हाताने चावी द्यायचं घड्याळ असेल तर रोज ठरावीक वेळी, अडेपर्यंत द्या, अडली की थांबा. सासऱ्यांना एवढंच करायला सांगितलंय, आणि तेही घड्याळजीकडून सर्व्हिसिंग झाल्यावर. नेताना ‘तबकडी रेडियमची आहे’ हे आधी सांगायचं आणि आकड्यांना हात लावू द्यायचा नाही.