‘कासव काय, कोपऱ्यात पडून राहतं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. कासव पिल्लू कुठूनही आणा, पाण्याच्या टबात ठेवा, भात-चपाती घाला. ऊन खिडकीतून मिळतंच, थंडीत ते आपोआप झोपतं. यातलं एकही वाक्य टिकत नाही.

‘कुठूनही आणा’: पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं स्टार कासव आणि विहिरी-तळ्यांतलं मऊ पाठीचं कासव, दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत आहेत. शिक्षा किमान 3 वर्षं कैद आणि किमान 25 हजार दंड. ‘कोल्हापूरकडनं आणलंय’ ही सबब चालत नाही. कायदा केंद्राचा आहे, कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या दोन्ही अंगांना तोच. घरात असेल तर वन खात्याच्या ताब्यात द्या. तळ्यात सोडू नका, स्टार कासव जमिनीवरचं आहे, बुडून मरतं. परदेशी जातीचं, म्हणजे आफ्रिकेतलं सुलकाटा, पाळता येतं, पण केंद्राच्या पर्यावरण-वन खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंद करूनच. पुढचं सगळं सुलकाटाबद्दल.

‘टबात ठेवा’: तेही जमिनीवरचंच. पिल्लाला रोज 15-20 मिनिटं हनुवटीपर्यंत कोमट पाण्यात बसवायचं, मग पुसून कोरड्या जागी. इतकंच.

‘भात-चपाती’: याला लागतं गवत, खाण्यातला मोठा वाटा तोच. हरळी, कोवळं हत्ती गवत, जोडीला जास्वंदीची पानं-फुलं, काटे काढलेला फड्या निवडुंग. डाळ, दूध, पाव यांनी मूत्रपिंडावर ताण येतो. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा कोपऱ्यात टाकून ठेवा. उसाच्या बांधावरचं गवत मात्र कधीच आणू नका. तणनाशक कधी मारलं ते मालकालाही आठवत नसतं.

‘खिडकीतलं ऊन’: सगळ्यात जास्त कासवं इथंच बिघडतात. खिडकीची काच उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण अडवते, ते नसले की खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. पिल्लाच्या पाठीची कड अंगठ्यानं दाबली की दबते, जबडा मऊ पडतो, मग खाणं थांबतं. बाहेरचं थेट ऊन सर्वांत उत्तम, पण खानापूर-बेळगावकडे जून ते सप्टेंबर आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही. कमी पावसाच्या अथणीवाल्यांचं निभावेल एकवेळ. बाकीच्यांनी 10-12 टक्के यूव्हीबी देणारी टी5 (बारीक नळीची) ट्यूब पाठीपासून 40 सें.मी.च्या आसपास लावावी, मध्ये काच नको, बारीक जाळी नको. ट्यूब उजेड देत राहते पण यूव्हीबी संपतो, म्हणून वर्षानं बदला.

‘थंडीत झोपतं’: सुलकाटा शीतनिद्रा घेतच नाही. झोपलंय असं वाटतं तेव्हा ते गारठलेलं असतं, आणि गारठ्यात ओल असेल तर छाती भरते. नाकात बुडबुडे, तोंड उघडून श्वास दिसला की त्याच दिवशी पशुवैद्याकडे. त्याच्या जागेत एका बाजूला 35 अंश, दुसऱ्या बाजूला 26-28, रात्री 20 च्या खाली नको. वीज गेली तर ट्यूब दिवसभर बंद राहिली तरी चालते, उष्णता बंद पडून चालत नाही; 100 वॅटचा सिरॅमिक हीटर इन्व्हर्टरवर घ्या.

आणि मेसेज एक सांगायचं विसरलाय: ते 40 किलोच्या पुढे जातं आणि बीळ खणतं. कुंपणाचा पाया दोन फूट खोल घातला नाही तर शेजाऱ्याच्या परसात निघेल.