‘थोडेसे घासतात’ म्हणजे नेमके किती? एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक दाढ गेली, आता काय?’ या लेखात मी गेलेल्या दाढेच्या जागी ब्रिज (शेजारचे दोन दात घासून त्यांच्या आधाराने बसवलेला दात) आणि इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला दात) यांची तुलना केली होती. त्याखाली ‘स्पष्टवक्ता’ या नावाने आलेली प्रतिक्रिया काहींनी वाचली असेल. ज्यांनी नाही वाचली त्यांच्यासाठी जशीच्या तशी देतो:

‘लेख वाचला. इम्प्लांटवाल्यांनी किती पाकीट दिलं तेही लिहायचं होतं. ब्रिजसाठी शेजारचे दात थोडेसे घासतात, त्याचा एवढा बाऊ कशाला? १८ हजारांत आठ दिवसांत दात बसतो, तिथे ३५ हजार आणि चार महिने घालवायला लोकांना वेड लागलंय का? माझ्या आईचा ब्रिज २२ वर्षं टिकलाय. काढता दात, सरकारी कॉलेज, विमा, यांवर धड माहिती नाही. आणि पहिला इम्प्लांट १९५२ साली बसवला हे साफ चूक. आधी अभ्यास करा, मग लोकांना शहाणपण शिकवा.’

शेवटून सुरुवात करतो. १९५२ची चूक मान्य. त्या साली स्वीडिश संशोधक ब्रोनेमार्क सशांच्या हाडावर प्रयोग करत होते आणि टायटॅनियम हाडाला धरून बसतं हे त्यांच्या तिथे लक्षात आलं. माणसाच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमचा इम्प्लांट पहिल्यांदा बसवला तो १९६५ साली, स्वीडनमध्ये. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता पाकीट. मी सोळा वर्षं डेंटल लॅबमध्ये कॅप आणि ब्रिज करतो, हे या ब्लॉगच्या डोक्यावरच लिहिलेलं आहे. ब्रिजचं काम आलं की लॅबचं तीन युनिटांचं (म्हणजे तीन दातांचं) बिल होतं, इम्प्लांटवरच्या दाताचं एका युनिटाचं. तेव्हा पोटासाठी लिहायचं असतं तर मी ब्रिजचीच आरती ओवाळली असती. एवढा साधा हिशोब न करता कुणाच्याही तोंडावर पाकीट फेकायचं, याला स्पष्टवक्तेपणा म्हणत नाहीत.

तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेत उत्तर देण्याजोगं वाक्य एकच आहे: ‘थोडेसे घासतात.’ ते नीट पाहू.

खालची पहिली दाढ गेली आहे असं धरा. ब्रिज बसणार तिच्या पुढच्या उपदाढेवर आणि मागच्या दुसऱ्या दाढेवर. नेहमीचा मेटल-सिरॅमिक ब्रिज घेतला तर कॅपच्या भिंतीत आत धातू असतो, निदान ०.३ मिलिमीटर. त्यावर धातूचा काळेपणा झाकणारा ओपेकचा थर, साधारण ०.२. त्यावर दाताचा रंग देणारं पोर्सेलिन, निदान १. झाले दीड मिलिमीटर. एवढी जागा दाताच्या अंगातूनच काढावी लागते. चावण्याच्या बाजूने तर दीड ते दोन. उपदाढ मुळात रुंदीला सातच मिलिमीटरच्या आसपास असते. दोन्ही अंगांनी दीड-दीड गेलं की उरतो चार मिलिमीटरचा खुंट. डॉक्टरांकडून माप आलं की आम्ही मॉडेल ओततो, करवतीने एकेक डाय (घासलेल्या दाताची प्रतिकृती) सुटी करतो आणि लाल पेन्सिलीने मार्जिन, म्हणजे कॅपची कड, आखतो. त्या डायवर उपदाढ उपदाढेसारखी दिसत नाही, वापरून झिजलेल्या खडूसारखी दिसते. पूर्ण कॅपसाठी दाताचा हिरडीवरचा जो भाग घासतात, त्याचं वजन मोजलं तर दोन तृतीयांशाच्या आसपास जातं. हे माझं मत नव्हे, मोजलेलं आहे.

आणि समजा, तुम्ही म्हणता तसं खरोखरच ‘थोडेसे’ घासलं, तर ते आणखी वाईट. जागा कमी मिळाली की आमच्यापुढे दोनच वाटा उरतात. पोर्सेलिन पातळ लावायचं, मग ओपेक पांढराफटक डोकावतो आणि वर्ष-दोन वर्षांत टवका उडतो. नाहीतर दात फुगवून करायचा, मग गालाकडच्या बाजूला घास अडकतो, हिरडी सुजते, आणि पेशंट म्हणतो, ‘लॅबवाल्याने दात जाड केला.’ कमी घासलेल्या मापावर आम्ही डॉक्टरांना फोन करतो. दहांतले तीन परत बोलावून घासतात, बाकीचे म्हणतात, ‘असू दे, ॲडजस्ट करून घे.’

अजून एक गोष्ट. दाढ काढून दोन-तीन वर्षं झाली असतील तर मागची दाढ रिकाम्या जागेत पुढे कलते. ब्रिज एका दिशेने सरळ खाली बसायचा असतो, म्हणून दोन्ही खुंट समांतर हवेत. कललेल्या दाढेची पुढची बाजू मग जास्त घासावी लागते आणि तिथे नस जवळ येते. कधी आधीच रूट कॅनल करावं लागतं, कधी ब्रिज बसल्यावर काही महिन्यांनी. तेव्हा चांगल्या कॅपला वरून भोक पाडून ते करतात. १८ हजारांच्या हिशोबात हे चार-पाच हजार धरले होते का?

झिर्कोनियाच्या (धातूशिवायच्या कडक सिरॅमिकच्या) अखंड ब्रिजला घासणं कमी लागतं, बरेचदा एक मिलिमीटरवर भागतं. हे लेखात होतं. प्रतिक्रिया लिहिण्याआधी तेवढा परिच्छेद वाचायचे कष्ट घेतले असते तर बरं झालं असतं.

‘२२ वर्षं टिकलाय.’ टिको, आणखी २२ टिको. ब्रिज टिकत नाही असं मी कुठे म्हटलं? दहा वर्षांनंतर तीनांच्या ब्रिजपैकी बहुतेक तोंडात असतात, इम्प्लांटही असतात. वर्षांच्या शर्यतीत दोघांत फारसा फरक काढता येणार नाही. माझा मुद्दा वेगळा होता आणि तो तुम्ही सोडून दिलात: बिघडल्यावर हातात काय उरतं?

ब्रिज बिघडतो तो बहुधा असा. दोन खुंटांपैकी एकावरचं सिमेंट सुटतं. दुसरा धरून ठेवतो, म्हणून ब्रिज हातात येत नाही. चावताना सुटलेलं टोक किंचित वर-खाली होतं आणि प्रत्येक घासाला लाळ आत ओढली जाते. आतला खुंट किडतो. त्याचं आधीच रूट कॅनल झालेलं असेल तर दुखतही नाही. घरच्या घरी ओळखायचं तर तोंडाला त्या बाजूने घाण वास किंवा चव येते, आणि बोटाने ब्रिज दाबला की कडेला बुडबुडे दिसतात. तसं दिसलं तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा. बरेच जण ब्रिज हलायला लागल्यावर जातात. तोवर उपदाढ हिरडीच्या पातळीला तुटलेली असते.

मग ती काढायची. आता शेजारी-शेजारी दोन दात नाहीत. नवा ब्रिज चार युनिटांचा, त्यासाठी पुढची एक धडधाकट उपदाढ घासायची. सहा हजाराने चोवीस, मागच्या दाढेचं रूट कॅनल पाच, पहिले अठरा. बेरीज तुम्हीच करा. हे मध्यम दरांचे आकडे आहेत, तुमच्या गल्लीत कमी-जास्त असतील.

इम्प्लांटही निघतो. तंबाखू, ताब्यात नसलेली साखर, ड्रिलिंग करताना सलाईनचं पाणी कमी पडून तापलेलं हाड, कडेला राहिलेलं जास्तीचं सिमेंट, ही त्याची नेहमीची कारणं. निघाला तर हाडात खड्डा राहतो, थांबावं लागतं, कधी बोन ग्राफ्ट (हाडाची भर) लागतं आणि पैसे जातात. पण शेजारच्या दोन दातांना धक्का लागलेला नसतो. नुसता स्क्रू ढिला झाला असेल आणि दात स्क्रूने बसवलेला असेल, तर दहा मिनिटांत पुन्हा आवळून मिळतो. म्हणून दाढेत सिमेंटऐवजी स्क्रूचा मागा, असं लेखात लिहिलं होतं.

शेजारचे दोन्ही दात आधीच रूट कॅनल करून कॅप घातलेले असतील, तर ब्रिजच करा, हेही लेखात ठळक अक्षरांत होतं. एवढं असून मी ‘इम्प्लांटवाला’.

बाकीच्या तक्रारी. काढता दात: दोन-चार हजारांत होतो, पुढच्या दातासाठी तात्पुरता म्हणून ठीक, दाढेला एकच काढता दात फार कुणी वापरत नाही, डबीत पडून राहतो. सरकारी कॉलेज: मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, शिवाय मुंबईत महापालिकेचं नायर. खर्च बराच कमी, खेपा जास्त. विमा: अपघात सोडला तर साध्या पॉलिसीत दात बसवण्याचा खर्च सहसा धरत नाहीत. यावर वेगळा लेख मागितला असता तर आनंदाने लिहिला असता. मागण्याची पद्धत असते.

राहता राहिल्या तुमच्या आई. त्यांना एक विचारा: ब्रिजच्या मधल्या दाताखालून सुपरफ्लॉस (दातांखालून ओवायचा दोरा) किंवा फटीतला बारीक इंटरडेंटल ब्रश रोज फिरवतात का? फिरवत असतील तर २२ वर्षांचं श्रेय त्यांना आहे, तुमच्या ‘थोडेसे घासण्या’ला नाही. नसतील, तर या महिन्यात दोन्ही खुंटांचा एक्स-रे काढून घ्या. दोनेकशे रुपयांच्या आसपास जातील.