समृद्धीवर निघताना हवा कमी करू नका

उन्हाळ्याची सुट्टी लागली की घरच्या ग्रुपवर तो मेसेज येतोच. मामांनी यंदा दोनदा पाठवला. मजकूर साधारण असा: समृद्धीवर टायर प्रेशरचा पिवळा दिवा लागला तर थांबू नका, उन्हाने सेन्सर चुकतो, रीसेट दाबून पुढे चला, टायर फुटू नयेत म्हणून निघतानाच ५ पीएसआय (टायरमधल्या दाबाचं माप) हवा काढून टाका, आणि नायट्रोजन भरलात तर दिवा कधी लागणारच नाही.

आधी हवा काढण्याचं बघू, कारण जिवावर बेतेल असा सल्ला तोच आहे. ऐकायला पटतं: तापल्यावर दाब वाढणार, मग आधीच जागा ठेवा. पण टायर रस्त्याच्या उन्हाने तापतो त्याहून जास्त स्वतःच्या दबण्या-वाकण्याने तापतो. हवा कमी असली की त्याची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते. ताशी १२० किलोमीटरला चाक सेकंदाला सतराएक फेरे मारतं. ही उष्णता रबरात साठत जाते आणि आतले थर सुटू लागतात. म्हणजे फुटू नये म्हणून हवा काढायची आणि फुटायचीच सोय करून ठेवायची! चालताना दाब चार-पाच पीएसआयने वाढणार, हे कंपनीने धरलेलंच असतं. चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर थंड टायरचा आकडा असतो तो म्हणूनच. (टायरवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा. तो भरायचा नसतो.)

आता ‘उन्हाने सेन्सर चुकतो’. ऊन दाब वाढवतं, त्यामुळे भर दुपारी दिवा लागला तर हवा खरंच कुठूनतरी जातेय असं समजा. दिवा लागण्याची शक्यता थंडीत जास्त, कारण तापमान साडेपाच अंश उतरलं की साधारण १ पीएसआय कमी होतो. डिसेंबरात नाशिकला पहाटे लागलेला दिवा थोडं अंतर गेल्यावर विझतो आणि आपण म्हणतो, ‘बघ, खोटा होता.’ खोटा कसला, हवा काठावर होती. अमेरिकेच्या नियमात तर दाब शिफारशीपेक्षा २५ टक्के कमी झाल्यावर इशारा बंधनकारक आहे. म्हणजे ३३ चे जवळपास २५ होईपर्यंत दिवा गप्प राहू शकतो.

रीसेटचं मी स्वतः भोगलंय. बऱ्याच गाड्यांत टायरमध्ये सेन्सर नसतोच. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, चाकांचे फेरे मोजतं, आणि हवा गेलेलं चाक किंचित जास्त फिरतं. रीसेट दाबणं म्हणजे गाडीला ‘आत्ताची हवाच बरोबर’ असं शिकवणं. मी दाबलं, दिवा विझला, संध्याकाळी मागचं चाक रिमवर. खिळा होता.

नायट्रोजनबद्दल एवढंच: साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच, आणि खिळ्याच्या भोकातून दोन्ही सारखेच जातात.

सेन्सर कधीच बिघडत नाही असं नाही. पण मग बहुतेक गाड्यांत दिवा सुरुवातीला मिनिटभर लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. लागल्यापासून स्थिर असेल तर हवाच कमी आहे: वेग उतरवा, आणि चाक बसलेलं नसेल तर सावकाश पुढच्या पंपापर्यंत जाऊन चारही टायर तपासा. निघण्याआधी डिकीही उघडून बघा. टायरचा दाब सांगणारी ही दिव्याची यंत्रणा, ट्यूबलेस टायर आणि दुरुस्तीचा किट असेल तर स्टेपनी न देण्याची मुभा २०२० पासून कंपन्यांना आहे. मामांच्या नव्या गाडीत स्टेपनी नाही, हे त्यांना परवा माझ्याकडून कळलं.