नकाशात गाव हिरवं, म्हणून बोअरचं पाणी पिण्यालायक? फिरत्या दाव्यांचा मुद्देसूद प्रतिवाद

कोल्हापूर जिल्ह्याच्या भूजलाचा एक रंगीत नकाशा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. पश्चिमेचे डोंगरी तालुके गर्द हिरवे, मधला पट्टा पिवळा, हातकणंगले-शिरोळकडे लाल. सोबतचा मजकूर थोडक्यात असा: गाव हिरव्यात असेल तर बोअरचं पाणी बिनधास्त प्या, पाण्याच्या गुणवत्तेचा निर्देशांक १०० च्या आत म्हणजे पाणी चांगलं, खात्री हवी असेल तर टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) दाखवणारं मीटर बुडवून बघा, लाल भागातलं पाणी शेतीलाही निकामी, आणि जिथे दर एक-दोन वर्षांनी पूर येतो तिथे भूजल कमी पडणारच नाही.

असे नकाशे खोटे नसतात. तपासणीसाठी पुढचे नमुने कुठून घ्यायचे, कुठल्या पट्ट्याकडे आधी लक्ष द्यायचं, हे ठरवायला त्यांचा फार उपयोग होतो. पण एका घरच्या बोअरचा निकाल त्यावरून लावला की माणसं आजारी पडतात. म्हणून एकेक दावा घेऊ.

"गाव हिरव्या भागात आहे, मग पाणी चांगलंच"

पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की नमुने नेमके कुठल्या विहिरींतून घेतले? जिल्ह्याचं क्षेत्रफळ साधारण ७,६८५ चौरस किलोमीटर. समजा ८० विहिरींचे नमुने घेतले, तर एका विहिरीच्या वाट्याला जवळपास ९६ चौरस किलोमीटर येतात, म्हणजे दहा किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद तुकडा. मधल्या जागेतला रंग कुणी मोजलेला नसतो, तो संगणकाने भरलेला असतो.

भरतो कसा, ते बघा. सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे अंतराच्या व्यस्त प्रमाणात वजन देणं, ज्याला सगळे आयडीडब्ल्यू म्हणतात. तुमच्या वाडीपासून २ किलोमीटरवरच्या विहिरीत नायट्रेट (खत आणि मलमूत्रातून पाण्यात उतरणारं नत्राचं रूप) लिटरला २० मिलिग्रॅम, ४ किलोमीटरवरच्या दोन विहिरींत एकीत २० आणि दुसरीत १२० आहे असं धरा. अंतराचा वर्ग घेतला की वजनं येतात १/४, १/१६ आणि १/१६. गणित केलं की तुमच्या वाडीचं नायट्रेट येतं ३७. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ४५, म्हणून वाडी हिरवी. तुमच्या विहिरीत दोर मात्र कुणी सोडलेला नाही. या पद्धतीचा आणखी एक गुण लक्षात ठेवा: मोजलेल्या सर्वांत मोठ्या आकड्यापेक्षा मोठा आकडा ती कधीच दाखवत नाही. जिथे नमुना घेतला नाही तिथलं सगळ्यात वाईट पाणी तिला दिसूच शकत नाही.

नदीच्या गाळाच्या सलग थरात असा अंदाज थोडाफार चालून जातो. पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी काळा पाषाण (बेसॉल्ट) आहे, पश्चिमेला डोंगरमाथ्यावर जांभा. काळ्या दगडात पाणी भेगांतून आणि कुजलेल्या थरातून वाहतं. बांधाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दोन विहिरी वेगवेगळ्या भेगांवर असतील, तर त्यांचं पाणी एकमेकांसारखं असण्याचं काही कारण नाही. त्यात १२ मीटरची विहीर आणि दोन-अडीचशे फुटांचं बोअर एकाच नकाशात घातलं, की वरच्या आणि खालच्या पाण्याची भेसळ होते. हे दोन नकाशे वेगळेच काढायला हवेत.

एक साधी चूक तर वारंवार सापडते. १६ अंश ४२ मिनिटं ही नोंद संगणकात १६.४२ म्हणून टाकली जाते. खरं दशांश रूप आहे १६.७०. एवढ्याने विहीर ३१ किलोमीटर दक्षिणेला सरकते. रेखांशातही तशीच चूक झाली, तर कोल्हापूर शहराजवळची विहीर थेट मुरगूडच्या आसपास जाऊन बसते. नकाशा तरीही देखणाच दिसतो.

म्हणून नकाशावर विहिरींचे ठिपके, नमुन्याचा महिना आणि चाचपणीची चूक छापलेली आहे का ते पाहा. चाचपणी अशी करतात: एकेक विहीर बाजूला काढायची, बाकीच्यांवरून तिचा अंदाज बांधायचा आणि खऱ्या मापाशी तुलना करायची. नायट्रेटच्या अंदाजात सरासरी २५ ची चूक येत असेल, तर ३७ आणि ४५ मधल्या फरकाला काहीच अर्थ उरत नाही.

"निर्देशांक १०० च्या आत, म्हणजे पाणी चांगलं"

हा दावा सगळ्यात घातक, कारण तो शास्त्राच्या भाषेत येतो. जल गुणवत्ता निर्देशांक काढताना प्रत्येक घटकाला १ ते ५ भार देतात, मोजलेलं प्रमाण मर्यादेच्या किती टक्के आहे ते काढतात, आणि भारानुसार सरासरी घेतात. ५० च्या आत उत्तम, ५० ते १०० चांगलं, त्यापुढे खराब.

आता एक नमुना हाताने सोडवू. सामू (पीएच) ७.६, आणि लिटरला मिलिग्रॅममध्ये टीडीएस ६००, काठिण्य २६०, क्लोराइड ८०, सल्फेट ४०, फ्लोराइड ०.४ आणि नायट्रेट ९०. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० च्या स्वीकारार्ह मर्यादांशी तुलना केली (सामूसाठी ७ ते ८.५ मधलं अंतर धरून) की टक्केवारी येते अनुक्रमे ४०, १२०, १३०, ३२, २०, ४० आणि २००. भार याच क्रमाने ४, ४, २, ३, ४, ४ आणि ५. गुणाकारांची बेरीज २,२३६, भारांची बेरीज २६, निर्देशांक ८६. वर्ग: "चांगलं". आणि या पाण्यात नायट्रेट मर्यादेच्या दुप्पट आहे, तेही त्याला सर्वांत जास्त भार देऊन! नायट्रेटला ४५ च्या वर कुठलीही सवलत मानकात नाही. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या दुधात हे पाणी गेलं, तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते आणि बाळ निळं पडू शकतं. चांगल्या फ्लोराइडने वाईट नायट्रेटची भरपाई होत नाही, पण सरासरी नेमकी तीच करते.

त्यामुळे आधी एकेक घटक मर्यादेशी ताडायचा. नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक किंवा जिवाणू यांपैकी एक जरी बाहेर असेल, तर निर्देशांक काढायचाच नाही. पाणी पिण्याला नापास. जिवाणू तर बहुतेक निर्देशांकांत धरलेलेच नसतात.

अहवाल वाचताना एकक पाहा. काही प्रयोगशाळा नायट्रेट "नायट्रोजन म्हणून" देतात. तो आकडा ४.४३ ने गुणावा लागतो. कागदावर १५ दिसलं म्हणून सुटकेचा श्वास सोडू नका, ते ६६ आहे. तसंच धन आणि ऋण आयनांची बेरीज जुळते का ते बघावं. फरक ५ टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, १० च्या वर गेला तर नमुना पुन्हा तपासायला द्यावा.

"टीडीएस मीटर हिरवा आकडा दाखवतो ना?"

हे मीटर फक्त विद्युत वाहकता मोजतं आणि तिला ०.५ ते ०.७ च्या दरम्यानच्या एका ठरावीक आकड्याने गुणतं. काळ्या पाषाणातल्या पाण्यात टीडीएसचा मोठा वाटा कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेटचा असतो. ३०० टीडीएसच्या पाण्यात ८० नायट्रेट सहज बसतं. ई. कोलाय या विष्ठेतून येणाऱ्या जिवाणूचं तर मीटरला काहीच कळत नाही. आणि शंका आली म्हणून पाणी उकळलं, तर जिवाणू मरतात, पण वाफ गेल्यामुळे नायट्रेटचं प्रमाण उलट वाढतं.

ग्रामपंचायतीला मिळालेलं हिरवं कार्डही इथे पुरावा म्हणून दाखवलं जातं. ते एप्रिल आणि ऑक्टोबरमधल्या स्वच्छता सर्वेक्षणावरून मिळतं. स्रोताभोवतीची घाण, गळती, क्लोरिनची व्यवस्था यांची जोखीम कमी आहे, एवढंच ते सांगतं.

नमुना नीट द्यायचा तर बोअर पाच-दहा मिनिटं चालवा, वाहकतेचा आकडा स्थिर होऊ द्या. एक लिटरची प्लास्टिकची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, बर्फाच्या डब्यात ठेवा. जिवाणूंसाठी प्रयोगशाळेकडून निर्जंतुक बाटली वेगळी घ्या, ती विसळायची नाही, आणि २४ तासांच्या आत पोचवायची. एकदा मे महिन्यात, एकदा पावसाळ्यानंतर. उसाच्या पट्ट्यात दुसरा नमुना चुकवू नका. सुरू हंगामाच्या उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, आडसालीला ४००. पिकाने न उचललेलं नत्र पहिल्या मोठ्या पावसाबरोबर खाली उतरतं. गोठा आणि शोषखड्डा विहिरीला लागून असेल तर त्याची भर वेगळी.

"लाल भागातलं पाणी शेतीलाही निकामी"

नकाशा पिण्याच्या मानकावर काढलेला असेल, तर तो शेतीबद्दल बोलतच नाही. शेतीसाठी वाहकता, सोडियमचं कॅल्शियम-मॅग्नेशियमशी गुणोत्तर म्हणजे एसएआर, आणि उर्वरित सोडियम कार्बोनेट (कॅल्शियम-मॅग्नेशियमला पुरून उरलेलं कार्बोनेट-बायकार्बोनेट) बघावं लागतं. समान वाहकतेच्या दोन विहिरी घ्या. एकीत सोडियम ६ आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळून लिटरला १४ मिलिइक्विव्हॅलंट (आयनांच्या विद्युतभारानुसारचं माप), दुसरीत १७ आणि ३. पहिलीचा एसएआर २.३, दुसरीचा १४ च्या जवळ. मीटरवर दोन्ही सारख्याच. पण दुसरीचं पाणी काळ्या जमिनीला देत राहिलात तर माती चोपण होते, म्हणजे सोडियममुळे घट्ट बसते, पाणी मुरत नाही.

शिरोळच्या क्षारपडीचं सगळं खापर खतावर फोडणंही अपुरं आहे. भारी काळी माती, नदीकाठचा सखल भाग, उसाला बारमाही पाटपाणी आणि निचऱ्याचा अभाव यामुळे भूजल मुळांपर्यंत चढतं. उन्हाने पाणी उडतं, क्षार वर राहतात. जिप्सम चोपण जमिनीला लागतं, पण खाली सच्छिद्र पाइपांचा निचरा नसेल तर सुटलेलं सोडियम जाणार कुठे? नुसत्या क्षारपड जमिनीत जिप्समचा उपयोग नाही, तिथे निचरा करून क्षार धुऊनच काढावे लागतात.

"पूर येतो तिथे भूजल कमी कसं पडेल?"

२०१९ आणि २०२१ चा पूर सगळ्यांनी पाहिला. पण पुराचं पाणी वाहून जातं. दगडात किती मावतं ते वेगळं मोजावं लागतं. कुजलेल्या काळ्या पाषाणाचं विशिष्ट उत्पन्न, म्हणजे दगडाच्या आकारमानातला उपसता येणाऱ्या पाण्याचा वाटा, साधारण २ टक्के धरतात. विहिरीची पातळी ३ मीटर चढली, म्हणजे प्रत्यक्षात साठलं ६० मिलिमीटर पाणी, हेक्टरी ६०० घनमीटर. एक हेक्टर ऊस वर्षाला १५,००० घनमीटर किंवा जास्त पाणी मागतो. पावसाने त्यातला वाटा उचलला तरी उरलेली गरज ६०० च्या कितीतरी पट आहे. आपला ऊस नद्यांवरच्या बंधाऱ्यांवर आणि उपसा योजनांवर उभा आहे.

सरकारी मूल्यांकनात पाणलोट "सुरक्षित" लिहिलेला असतो, त्याचाही चुकीचा अर्थ लावला जातो. वर्षाला उपसता येण्याजोग्या भूजलाच्या ७० टक्क्यांपर्यंत उपसा असेल तर तो वर्ग मिळतो. पाण्याच्या गुणवत्तेशी त्याचा संबंध नाही. शिवाय २० टक्क्यांपेक्षा जास्त उताराची डोंगराळ जमीन भरणाच्या (जमिनीत मुरणाऱ्या पाण्याच्या) हिशोबातून वगळतात. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीतल्या डोंगरकपारीच्या वाड्या नेमक्या अशाच उतारांवर आहेत. तिथे जांभ्यातलं पाणी कुणी उपसण्याआधीच झऱ्यांवाटे निघून जातं.

अशा वाडीचा हिशोब झऱ्यावरच मांडावा लागतो, आणि त्याला २० लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ पुरतं. दर पंधरा दिवसांनी बादली भरायला लागलेला वेळ वहीत लिहायचा. नोव्हेंबरात ४० सेकंद लागत असतील तर दिवसाला ४३,२०० लिटर होतात, माणशी ५५ लिटर धरलं तर ७८५ जणांपुरते. एप्रिलमध्ये तीच बादली भरायला दहा मिनिटं लागली, तर २,८८० लिटर, म्हणजे ५२ जणांपुरते. साठवण टाकी किती मोठी हवी आणि टँकरची मागणी कुठल्या पंधरवड्यात नोंदवायची, हे त्या वहीतल्या एप्रिलच्या नोंदीवरून ठरवायचं.