त्या लाल गोलाखाली काय आहे ते आधी सांगा

मी पत्रिका डिझाइन करते. काल रात्री पावणेबाराला एका लग्नपत्रिकेचं सहावं करेक्शन आलं. मोबाइलवरचा स्क्रीनशॉट, त्यावर बोटाने ओढलेला जाडजूड लाल गोल आणि खाली दोनच शब्द. 'हे बघा.'

काय बघू? गोल नेमका 'चि. सौ. कां.'वर, आणि एवढा जाड की खालचं अक्षरच दिसेना. मूळ फाइल उघडली, हस्तलिखित काढून ताडून पाहिलं. सगळं बरोबर. शेवटी सकाळी क्लायंटला फोन केला, तर काका म्हणतात, "अहो, कां वरचं टिंब राहिलंय ना! लाल करून दाखवलंय की!"

काका, टिंब आहे हो. पहिल्या दिवसापासून आहे. मी ए फोरची 300 डीपीआयची (इंचाला 300 ठिपके) फाइल दिली होती, 2480 बाय 3508 पिक्सेलची, तीही डॉक्युमेंट म्हणून. तुम्ही तिचा स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकलात, तो आत्यांनी फिरवला, त्यावर मामांनी खुणा केल्या आणि ते ध्यान परत माझ्याकडे आलं. एवढ्या प्रवासात अनुस्वार कसा टिकायचा? जो काही उरला होता तो तुमच्या गोलाने गिळला.

बरं, गोल परवडला, पण बाण नको. बाण मुहूर्तापासून निघून थेट नारळाच्या चित्रावर जातो, सोबत 'वर घ्या'. कोणाला? मुहूर्ताला की नारळाला? मागच्या महिन्यातल्या पत्रिकेत तर घरातल्या प्रत्येकाचा वेगळा रंग होता. त्यात आजोबांचा पिवळा. क्रीम कागदावर पिवळा! आजोबांच्या सूचना पाळल्या नाहीत म्हणून मलाच बोलणी.

आणि ह्या खुणा चित्रातच मुरलेल्या असतात. लेयर नाही, काही नाही. खालचं वाचायला वरचं बाजूला करता येत नाही. पारदर्शक कागद लावून त्यावर खुणा करायच्या, ही साधी अक्कल जुन्या आर्टवर्कवाल्यांना होती.

क्लायंटचं सोडा, आमच्या धंद्यातले तरी कुठे शहाणे आहेत? फोटोशॉपमध्ये ह्यासाठीच नोट टूल आहे. रंग उचलायचा आयड्रॉपर दाबून धरला की त्याच्या खालून निघतं. चित्रावर इवलीशी चिठ्ठी चिकटते, मजकूर बाजूच्या पॅनेलमध्ये. एका पिक्सेललाही धक्का नाही, छपाईत येत नाही, फोटोशॉपच्या पीएसडी फाइलमध्ये सेव्ह राहते. (जेपीजी केलीत की गेली, हे खरं.) मी मेहनतीने चार चिठ्ठ्या लावल्या: सोनेरी लेयर फॉइलची (चमकत्या पन्नीची) आहे, इथे घडी येणार, वगैरे. प्रेसवरून फोन. "मॅडम, सूचना कुठायत?" म्हटलं, फाइलमध्येच आहेत. "काही दिसत नाय." दिसणार कशा, पठ्ठ्याने गाइडच्या मदतरेषा लपवायला कंट्रोल एच दाबलेलं, त्याबरोबर चिठ्ठ्याही गुडुप!

मग वैतागून पुढच्या कामात सूचना साध्या टेक्स्ट लेयरवर टाइप केली, ठळक लाल अक्षरांत. ती मात्र दिसली त्याला. इतकी दिसली की प्रूफवर, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यावर, छापूनच आली. श्री गणेशाय नमः, आणि त्याखाली 'गणपती थोडा खाली घ्यावा'. नशीब, प्रूफच होतं. लेयर बंद करायला मी विसरले, कबूल. पण चिठ्ठी वाचली असती तर ही वेळ आली असती का?

पीडीएफवर कमेंट करा म्हणून सांगून पाहिलंय. फुकटच्या अॅपमध्ये होतं, नेमक्या शब्दाला खूण करता येते, मराठीत लिहिता येतं. एका ताईंनी मनापासून केल्या सगळ्या कमेंट. आणि मग त्याचा स्क्रीनशॉट काढून पाठवला. कमेंटचे चौकोन सगळे बंद, आतलं काहीच दिसेना.

डिझाइनचे पैसे ठरलेले असतात. हा कोडी सोडवण्याचा वेळ कुठे लावायचा? 'एवढंसं तर करेक्शन आहे' म्हणतात. एवढंसं आहे तर एका ओळीत लिहा ना: तिसरी ओळ, अमुक शब्द, असा हवा. झालं! खुणेची गरजच नाही.

हे लिहिता लिहिता काकांचं सातवं आलंय. ह्यावेळी गोल नाही. व्हॉइस नोट आहे, दोन मिनिटं चाळीस सेकंद, आणि मागे कुकरच्या शिट्ट्या.