ह्यो खंयचो?

आमच्याकडे नवा माणूस दिसला की त्याला नाव मागाहून विचारतात. आधी "खंयचो?" गाव कळलं की आडनाव कळतं, आडनावावरून कुळ, कुळावरून देव, आणि देवापर्यंत पोचलं की जमिनीचा जुना वाद आपोआप निघतो. त्यामुळे भाच्याने ओटीवरच्या टेबलावर आपल्या खेळातला पहिला सैनिक उभा केला, तेव्हा आईने जपाची माळ थांबवून विचारलं, "ह्यो खंयचो?"

"आजी, तो माणूस नाही. स्पेस मरीन आहे."

"आसांदे. पण खंयचो?"

"फेन्रिस ग्रहावरचा."

"फेन्रिसकर," आईने नोंद केली, चष्मा वर सरकवला आणि त्याच्या पायांकडे बघितलं. "वेतोबाच्यो व्हाणो घातल्यान की काय?"

भाच्याला हा विनोद वाटला. तो विनोद नव्हता. आरवलीच्या वेतोबाला लोक हातभर लांब चपला वाहतात, देव रात्री गावभर राखण करत फिरतो आणि त्या झिजवतो, अशी श्रद्धा आहे. समोरचा सैनिक बोटाच्या दोन पेरांएवढा, पण त्यातलं निम्मं वजन त्याच्या बुटांत. कथेप्रमाणे हे गडी खरे सात-आठ फूट उंच असतात आणि मानवजातीची राखण करतात. आईचा हिशेब अगदी बरोबर होता.

भाचा पुण्याचा. बारावी झालेली, प्रवेशाच्या याद्या लागायच्या होत्या, आणि तोपर्यंत घरात त्याचं तोंड बघवेना म्हणून बहिणीने त्याला जुलैत आमच्याकडे धाडलं. जुलैत कोकणात आपण होऊन कोणी येत नाही. तिसऱ्या दिवशी लाईट गेली, चौथ्या दिवशी इन्व्हर्टरने मान टाकली. मोबाईल काळा पडल्यावर त्याने बॅगेतून पेटी काढली आणि मला म्हणाला, "मामा, तू चक्रम नियम असलेल्या गोष्टी तीस वर्षं शिकवल्यास. हा खेळ तुला जमेल." मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचो. त्याला नकार देण्याएवढं कुठलंच काम माझ्याकडे नव्हतं. बाहेर पाणी पडत होतं आणि आत मी पडलो.

खेळाचं नाव वॉरहॅमर ४०,०००. इंग्लंडात १९८७ साली निघालेला, काढणारी मंडळी नॉटिंगहॅमची. काळ पुढचा, ४१वं सहस्रक, आणि सगळ्या आकाशगंगेत लढाईखेरीज दुसरा उद्योग नाही. टेपने इंच मोजून सैनिक पुढे सरकवायचे, मग ओंजळभर फासे टाकायचे, मग त्यातले निम्मे उचलून पुन्हा टाकायचे, मग समोरच्याने टाकायचे, आणि एवढं झाल्यावर एक सैनिक मरतो. कधीकधी मरतही नाही. आमच्या रणभूमीवर करवंट्यांचे बुरूज होते आणि फणसाच्या आठळ्यांचे खडक. रंगवलेले सैनिक दमट हवेत वाळत नव्हते. माझ्या अंगठ्यावर चार दिवस कुणाचा तरी निळा खांदा होता.

इथवर सोसलं असतं. पण दुसऱ्या डावात भाच्याने एक काळा, पंखवाला सेनापती पुढे आणला आणि खर्जात म्हणाला, "हा कॉर्व्हस कोरॅक्स. रेव्हन गार्डचा आदिसेनापती. ह्याचं नाव घेतलं की शत्रू..."

मी हसलो. मोठ्याने. कारण कॉर्व्हस कोरॅक्स हे रेव्हन नावाच्या थोराड कावळ्याचं शास्त्रीय नाव आहे. लिनियसने १७५८ साली ठेवलेलं. आपल्या खिडकीतला घरकावळा तो कॉर्व्हस स्प्लेंडेन्स, म्हणजे ह्या सेनापतीचा धाकटा चुलतभाऊ. 'कावळा पलटणी'च्या सेनापतीचं नाव 'कावळा, पाहा पाठ्यपुस्तक'! उद्या देवगडच्या बागायतदारांनी फौज उभारली, तर तिच्या सरदाराचं नाव मॅन्जिफेरा इंडिका ठेवावं, तसंच.

"मामा, इथे हसायचं नसतं," भाचा म्हणाला. "हे विश्व फार भयाण आहे."

"बरं. पुढचा कोण?"

"फेरस मॅनस."

आता मला सांगा, ज्याने तीस वर्षं फळ्यावर लोहाची संज्ञा एफई अशी लिहिली, त्याने करायचं काय? फेरम म्हणजे लोखंड, मॅनस म्हणजे हात. ह्या गृहस्थाचे हात धातूचे, आणि त्याच्या पलटणीचं नाव काय, तर आयर्न हँड्स. लोखंडे आडनावाचा माणूस, नाव लोहहस्त, दुकान 'लोखंडी हात आणि मंडळी'. मी हसता हसता फासा टाकला तो टेबलाखाली गेला, आणि टेबलाखाली पडलेला फासा बाद असतो म्हणे. माझे सात जण मेले.

त्यानंतर मला खोडच लागली. डाव बाजूला राहिला आणि मी मास्तरकीवर उतरलो. प्रत्येक नावाची तोंडी परीक्षा. पोराला सगळं ठाऊक होतं, फक्त कबूल करायचं नव्हतं. घरातल्या देव्हाऱ्यामागचा पत्त्यांचा कॅट पाहुण्याला दाखवताना होतो तसा त्याचा चेहरा व्हायचा.

क्रीग नावाच्या ग्रहाचे सैनिक, जे मरणाला भीत नाहीत. क्रीग हा जर्मन शब्द, अर्थ युद्ध. म्हणजे हे लढाईकर. आर्मगेडन नावाचा ग्रह. बायबलातल्या शेवटच्या लढाईचं ठिकाण, मगिद्दोच्या डोंगरावरून आलेलं नाव. त्यावरच्या शहरांची नावं हेडीस, टार्टारस, अॅकेरॉन, म्हणजे ग्रीकांचा पाताळलोक, त्याखालचा नरक आणि तिथली नदी. आपल्याकडे कुरुक्षेत्र नावाचं गाव वसवून त्याच्या वाड्यांना रौरव, कुंभीपाक आणि वैतरणी म्हणावं, आणि वर तिथे कायम मारामारी का चालते म्हणून आश्चर्य करावं. (वैतरणेवर निदान आपण रेल्वे स्टेशन तरी बांधलं.) मग टायफस. हा रोगराई पसरवणारा सरदार, नाव थेट रोगाचंच. आईने आतून ऐकलं. "टायफॉईड झालेलो माणूस लढाईक कित्याक येता?"

"टायफस, आजी. वेगळा असतो."

"पेज दी त्येका."

जंगलात एकटा फिरून शत्रूचा निःपात करणारा एक जवान होता, कपाळाला फडकं बांधलेला. स्लाय मार्बो. ह्यावर मी अडलो. भाचा गप्प. मी इंग्रजी स्पेलिंग मागितलं, वहीवर लिहिलं, अक्षरं मागेपुढे केली आणि रॅम्बो बाहेर पडला. स्लाय हे त्याचं काम करणाऱ्या स्टॅलोनचं लाडकं नाव. आम्ही शाळेत 'च'ची भाषा बोलायचो, जेवलो म्हणजे 'चवलोजे'. आपल्याला कुणी पकडू शकत नाही असं वाटायचं आणि मागच्या बाकावरच्या प्रत्येकाला समजायचं. तीच जात. आणि १९८७च्या पहिल्या पुस्तकात एका क्रूर धर्मचौकशी अधिकाऱ्याचं नाव होतं ओबीवान शेरलॉक क्लूसो. एक गुरुवर्य, एक गुप्तहेर आणि एक धांदरट फ्रेंच पोलीस, तिघे एकाच माणसात. द्रोणाचार्य झुंजार पांडू हवालदार!

एका नावावर मात्र मी हसलो नाही. डार्क एंजल्स नावाची पलटण आणि तिचा सेनापती लायन एल'जॉन्सन. ऐकायला कसं सिंहासारखं. मधला तो स्वल्पविराम काढला, अक्षरं जवळ आणली की उरतो लायोनल जॉन्सन, इंग्रज कवी, जन्म १८६७, मृत्यू १९०२. त्याची गाजलेली कविता 'द डार्क एंजल'. एक कवी आणि त्याची कविता, दोघं मिळून चाळीस हजार सालात सैन्य घेऊन निघालेत, आणि खेळणाऱ्या निम्म्या पोरांना पत्ता नाही.

मला मालगुंड आठवलं. केशवसुत तिथले, १८६६चे, म्हणजे ह्या जॉन्सनचे जवळजवळ समवयस्क. गेलेही १९०५ला. आपण हा खेळ काढला असता तर? 'तुतारी पलटण' आणि तिचा महासेनापती केश व'सूत. रत्नागिरीतल्या एखाद्या पोराने अंधाऱ्या ओटीवर त्याला रंग दिला असता, त्याच्या नावाने आरोळी ठोकली असती, आणि दहावीच्या पुस्तकात तेच नाव भेटल्यावर त्याच्या डोक्यात काय लख्ख झालं असतं! खरं तर केशवसुत हेसुद्धा लपवलेलंच नाव. मूळ माणूस कृष्णाजी केशव दामले.

"तुला ती कविता माहीत आहे?" मी विचारलं.

"नाही," भाचा म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "लाईट आली की बघतो."

मग मी त्याला संकासुराचं सांगितलं. दशावतारात तो येतो तेव्हा पेट्रोमॅक्सच्या उजेडात नखशिखांत काळा, लोंबती तांबडी जीभ, आणि पुढे बसलेली पोरं आयांच्या पदरात शिरतात. वेद चोरलेला राक्षस आहे तो, साधा नव्हे. आणि तोंड उघडतो तेव्हा काय बोलतो? मालवणीत टिंगल. सूत्रधाराची, गावाची, पुढ्यात डुलक्या काढणाऱ्याची. म्हणून काही त्याची भीती जात नाही; घरी जाताना माडाच्या सावलीला पोरं दचकतातच. नॉटिंगहॅमच्या त्या मंडळींनी तेच केलंय, मी म्हटलं. विश्व संपवायला निघालेल्या राक्षसाच्या तोंडात गजाल घातलीय.

"मग ऑर्क म्हणजे तुझे दशावतारी," भाचा म्हणाला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. हिरवे, दांडगे, भांडकुदळ ऑर्क त्याने शेवटच्या डावासाठी राखून ठेवले होते. त्यांचा म्होरक्या गॅझकल मॅग उरुक थ्राका. त्यातलं मॅग उरुक थ्राका भरभर म्हटलं की मार्गारेट थॅचर होतं, असं खेळणारे सांगतात. काही मानतात, काही नाही. मी सात वेळा भरभर म्हणून बघितलं. मानणाऱ्यांत गेलो.

रात्रीचे साडेनऊ झाले असतील. मेणबत्ती, पाऊस किंचित थांबलेला, गावात मिट्ट काळोख. ऑर्कांची चाल करायची वेळ आली. त्या चालीची एक आरोळी असते, ती ऑर्कांच्याच आवाजात द्यायची असा खेळणाऱ्यांचा रिवाज. भाचा खुर्चीवर उभा राहिला, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला,

"वाऽऽऽऽघ!"

मी त्याला थांबवायला हवं होतं. पण माझ्याही लक्षात आलं नाही, कारण मी नियमपुस्तकात बघत होतो आणि तिथे ते इंग्रजीत छापलेलं होतं.

आधी शेजारचा कुत्रा. मग त्याच्या पलीकडचा. मग कुणाची तरी कडी धाडकन लागली, आणि बाईमाणसाचा आवाज आला, "वाघ इलो! मास्तरांगेर वाघ इलो!" आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात आणि पावसाळ्यात तो कुत्र्यांसाठी वाडीत उतरतो, तेव्हा ह्यात कोणाचा मूर्खपणा नव्हता. बॅटऱ्या हलायला लागल्या. पत्र्याचा डबा वाजायला लागला. आईने आतून मागचं दार लावलं आणि रामरक्षा सुरू केली. भाचा अजून खुर्चीवरच होता.

पाच मिनिटांत आमच्या खळ्यात नऊ माणसं, तीन काठ्या, एक कोयता आणि एक छत्री. सगळ्यांत पुढे शेजारचे भाऊ, लुंगी कमरेला खोचलेली.

"मास्तर, खंय आसा वाघ?"

मी काही बोललो नाही. टेबलाकडे बोट केलं. नऊ बॅटऱ्यांचा उजेड करवंट्या, आठळ्या आणि हिरव्या फौजेवर पडला. बराच वेळ कुणी बोललं नाही. पागोळ्या तेवढ्या पडत होत्या. भाऊंनी कोयता काखेत धरला, ओला हात लुंगीला पुसला, दोन बोटांनी थ्राकाला उचलून बॅटरीसमोर धरलं, उलटा करून त्याच्या तळव्याखालीही बघितलं.

"ह्यो खंयचो?"

मी भाच्याकडे पाहिलं. तो आता ग्रहाचं नाव सांगणार, मग लांबलचक वंशावळ सांगणार, आणि नऊ माणसं रात्रभर इथेच.

तो खुर्चीवरून खाली उतरला.

"नॉटिंगहॅमचो," तो म्हणाला.

"नॉटिंगहॅमकर," आतून रामरक्षा थांबवून आई म्हणाली, आणि चहाला किती जण आहेत ते विचारलं.